बैलाला विचारलं नव्हतं

मिठबांवच्या गुरांच्या दवाखान्यात मला एकवीस वर्षं झाली.
आमच्या नोंदवहीत एक रकाना आहे: वेदनामुक्ती.
त्याखाली जनावराचा रंग, वय, मालकाची सही.
टेम्पोखाली आलेला ठोंब्यांचा पाडा,
कणा मोडलेली एक कुत्री,
आणि गेल्या शिमग्यानंतर शेजारच्या रावल्यांचा पवळा,
खुब्यातून निखळलेला,
दोन दिवस मळ्याच्या चिखलात बसून राहिलेला.

जयवंतला खिडकीतून सगळं दिसलं होतं.
तेव्हा त्याची मान अजून वळत होती.

जयवंत जुवाटकर, माझा थोरला भाऊ.
तांबळडेगच्या वाळूत टाच रोवून
चाळीस वर्षं रापणीचा दोर ओढलेला माणूस.
आधी उजव्या हाताचा अंगठा गेला.
जागेवरच होता, पण गेला.
मग चमचा गेला, मग जिना,
मग हसताना गालाची एक बाजू.
कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाव
शेवंती वहिनीनं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशेबाखाली.

परवा तो बोलला. एकेक अक्षर
वल्ह्यानं पाणी मागे सारावं तसं:
"पवळ्याक दिलंस... ता माका दी."
मी म्हटलं, जयवंता, बैल वेगळा, माणूस वेगळा.
"बैलाक इचारलंस?"
नाही.
"मी इचारतंय."

उत्तर सापडलं ते रात्री,
कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन पडलो होतो तेव्हा.
बैलाला विचारता येत नव्हतं
म्हणूनच मला देता आलं.
त्याचं दुखणं नुसतं दुखणं होतं.
तुझ्या दुखण्यात वहिनीची पाठ मिसळलीय,
नर्सबाईचे महिन्याचे पैसे मिसळलेत,
सून नाकाला पदर लावून बाहेर गेली
आणि तू ते पाहिलंस, ती दुपार मिसळलीय.
यातलं किती तू मागतोस
आणि किती तुझी लाज मागते?
कोण गाळून देणार मला?

मग वाटलं, मी कोण गाळणारा.
लाजही त्याचीच की.
दोराचा खांद्यावरचा घट्टा जसा त्याचाच.

वहिनीनं ऐकलं होतं.
तिथं काही बोलली नाही. त्याला कुशीवर वळवताना
तिचा हात नेहमीपेक्षा हळू झाला,
इतका हळू की मला उठून बाहेर यावं लागलं.
विहिरीवर म्हणाली, "माझ्याकडसून काय कमी पडला?"

देवगडहून नोटरीला बोलावून कागद केला.
घशात नळी नको, यंत्राची हवा नको.
दोन साक्षीदार. अंगठा, तोच गेलेला,
मी उचलून शाईवर टेकवला.
कायदा इथवर येतो.
पुढे गाळ दिसला की
खाडीच्या तोंडाशी होडी थांबते, तसा थांबतो.

मी त्याला रापणीची आठवण दिली.
ज्याला ओढवत नाही त्या म्हाताऱ्याच्याही टोपलीत
आपण मूठभर तारली टाकायचो ना रे?
वाटा कुणाचा चुकवलाय का कधी?
तो बराच वेळ वाशांकडे बघत राहिला.
"वाटो नको.
दोर सोडूचो आसा."

काल संध्याकाळी वहिनीनं
सोलकढीत बुडवलेला कापूस त्याच्या जिभेला लावला.
आंबटानं भुवई हलली. ती अजून हलते.
रावल्यांचा नवा बैल गोठ्यात खुंट्याला अंग घासत होता.
जयवंतनं विचारलं,
"पवळ्याचे डोळे... उघडे रवले?"
खोटं बोलता आलं असतं.
हो म्हटलं. मग मी मिटले. हातानं.

"माझे पण तूच."

मी हो म्हणालो.
नेमकं कशाला हो म्हणालो
ते त्यानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
वहिनी वाटी विसळायला घेऊन गेली.