उखर्डू मिस्तरी

पारोळ्यात, बस स्टँडमागच्या बोळात
त्याचं दुकान एका टेबलाएवढं.
माझा फोन अंगणवाडीच्या ओट्यावरून पडला
तेव्हा त्यात गावातल्या एकतीस बाळांची वजनं होती.

जळगावच्या शोरूममधल्या पोरानं
तो उघडलासुद्धा नाही.
नऊ हजार, म्हणाला. नवा अकरात येतो, मॅडम.
मी विचारत होते, मोडलंय काय?
ते त्याला कळेचना.

उखर्डूनं विचारलं, 'काय व्हयनं, ताई?'
पाच पाकळ्यांचा स्क्रू.
तसला पेचकस मिळत नव्हता तेव्हा त्यानं
सायकलची तार कानशीनं घासून केला होता,
आता मिळतो, तरी हाताला हाच लागतो.
मग गरम हवा, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा,
आणि गोंदानं कायमची बंद केलेली काच
भाजल्या वांग्याचं साल निघावं तशी
सावकाश निघाली.

दुसऱ्या मेलेल्या फोनचा पडदा त्यानं बसवला.
तीच कंपनी, तेच मॉडेल.
फोन उजळला आणि आधी म्हणाला:
अनोळखी भाग.

उखर्डू हसला. 'सून बी दुसऱ्या घरनीच ऱ्हास,
तिले कोनी आसं म्हनस का?'
म्हणतात, मी म्हटलं. वीस वर्षं म्हणतात.
तो गप्प झाला, काच पुसत राहिला.

मी सांगितलं, पेपरात आलंय,
दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा म्हणतायत लोक,
कंपन्यांनी सुटे भाग विकावेत, नकाशे द्यावेत.
ओठांत स्क्रू धरून त्यानं ऐकलं.

त्याच्या आधीची तीन दगावली होती.
म्हणून सुईणीनं त्याला उकिरड्यावर ठेवला
आणि आईनं सव्वा रुपया देऊन विकत घेतला,
टाकलेला, कुणाचाच नसलेला,
मरणाच्या नजरेत न भरणारा.
आता ते नाव कुणी ठेवत नाही.
माझ्या यादीत दोन रियांश आहेत.

'मायनी कोनले इचारं व्हतं?' म्हणाला.
मग स्क्रू बसवता बसवता,
'पन येऊ दे कायदा.
नकाशा भेटना ते मना डोया वाचतीन.'
साडेतीनशे घेतले.

फोन रोज सकाळी तेच म्हणतो.
मी बरं म्हणते, अंगठ्यानं सरकवते.
खाली एकतीस वजनं जशीच्या तशी.
बत्तिसावं परवा आलं. झोळीत ठेवलं
तर असं हातपाय झाडत होतं की
काटा ठरेपर्यंत
मला थांबावं लागलं.