दहा बाय आठ

निवडणूक आली की मला झोप नसते.
खानापुरात स्टेशन रोडला माझं फ्लेक्सचं दुकान.
रात्री दोनला मशीन मुंडी हलवत असतं
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
नको, नको म्हटल्यासारखं,
आणि खालून तरी माणूस छापून येतच असतो.

आधी केस. मग कपाळ, मग नाम.
डोळे यायला चार मिनिटं लागतात.
पक्षाचं नाव सगळ्यात शेवटी, पायाशी.
तिथं शाई फिकी पडली
तर आजवर कुणी पैसे कापले नाहीत.

पक्षाला त्याच्या नावानं इथं हाक मारतंय कोण?
सावकारांचा. धनींचा. वकिलांचा.
आणि सावकारांशी भांडून निघालेल्या भाच्याचा.
मागच्या खेपेला धनी वकिलांकडं होते,
त्याआधी वकील सावकारांकडं.
फाइल तीच असते, मी मागचा रंग बदलतो.
वर कन्नड, खाली मराठी;
अक्षरांची उंची मोजायला माणूस येतो, पट्टी घेऊन.
चेहऱ्याला पट्टी लावत नाही कुणी.
एकदा धनींची चामखीळ पुसली मी,
तर त्यांची मंडळी दुकानात येऊन म्हणाली,
‘तेवढ्यावरनंच ओळखतात की हो लोक!’

जाहीरनामेही पडलेत एका कोपऱ्यात, चौघांचेही.
कोऱ्या बाजूवर उधारी लिहितो.
काल लाइट गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात वाचले.
चौघांनाही मलप्रभेचं पाणी द्यायचंय.
एकाच्यात ‘मलप्रभा’ दोनदा चुकलंय.

चिगुळे मास्तरांचा निरंजन अँटवर्पला असतो.
त्यानं तिथल्या खांबांवरचे फोटो पाठवले:
तिथंही दोन भाषा, तिथंही डझनभर पक्ष,
तिथंही पक्षाचं नाव बारीक आणि माणसाचं जाड.
‘पण मामा,’ म्हणाला, ‘इथं कुणी हात जोडत नाहीत.
खिशात घालून उभे राहतात.’

हातांचं आता सांगूनच टाकतो.
आठ वर्षांपूर्वी नेट बंद होतं आणि सकाळी सहाची ऑर्डर.
सावकारांचा फोटो आला तो फक्त मानेपर्यंतचा.
तेव्हा सासऱ्यांचा पांढरा सदरा घालून
मीच उभा राहिलो, शटरपाशी, हात जोडून,
आणि रेणुकानं मोबाइलवर फोटो काढला.
तेव्हापासून तेच हात.
धनींचे तेच, वकिलांचे तेच.
भाच्याची बायको उभी राहिली तेव्हा
त्याच हातांत मी हिरव्या बांगड्या भरल्या.
डाव्या अंगठ्यावर कटरची जुनी खूण आहे,
ती पुसायची राहिली. मग मुद्दामच राहू दिली.
नंदगडच्या रस्त्याला, जांबोटीच्या फाट्याला,
मोटारसायकलवरून जाताना
माझेच हात मला जागोजागी विनवत असतात.
हसू येतं. एकदा उतरून नमस्कार घातला.

‘कुणाला टाकूलास?’ रेणुकानं विचारलं,
भाकरी उलटताना, माझ्याकडं न बघता.
‘बघू की.’
‘चौघांनाही तूच गोरं केलास, अजून काय बघतोस?’

मराठी शाळेत रांग होती.
पुढं तंबाखू मळत वैजू होनगेकर,
मागं कुणाचं तरी कडेवरचं पोर माझी कॉलर ओढत होतं.
पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो.
मशीनवर चेहरे होते, तिकिटाएवढे.
मी केलेले नव्हेत. काळेसावळे, घामट,
आधार कार्डावर असतात तसले.
धनींची चामखीळ जागेवर होती.
आणि हात नव्हतेच कुणाला.
एकालाही नव्हते.

किती वेळ उभा होतो कोण जाणे.
बाईंनी टेबलावरून विचारलं,
आधी कन्नडमध्ये, मग मराठीत:
‘झालं काय हो?’

झालं. लांबलचक वाजलं ते.
कुणाला, ते रेणुकालाही सांगितलं नाही;
तिनंही तिचं सांगितलं नाही.
संध्याकाळी दुकान उघडलं तर तिघांचे निरोप,
विजयाचा फ्लेक्स तयार ठेव,
पैसे निकालानंतर.

हातांचा फोटो नवा काढावा म्हणतोय.
बोटावरची शाई जाऊ दे.