दुसरा नर

अल ऐनच्या बाहेर, जिथे डांबर संपून कुंपण सुरू होतं,
तिथे माझी ड्युटी. रात्री दहा ते सहा.
जुलैत मध्यरात्रीसुद्धा
कडीला हात लावायचा तर फडकं लागतं.

तीन पिल्लं होती. आता दोन.
तिसरं पहिल्यापासून मागे राहायचं,
दुधाला पोचायचं तोवर जागा भरलेल्या.
मंगळवारी ते पाण्याच्या टाकीमागून आलंच नाही.
रजिस्टरात मी वेळ लिहिली, चार दहा.
कारणाचा रकाना डॉक्टरांनी भरला.

किपकेमोई म्हणतो, आमच्याकडच्या जंगलात हिशेब असाच.
चार जन्मतात, दोन चालायला लागतात,
एखादं आयाळीपर्यंत पोचतं.
तरस नेतं. रेड्याचा खूर लागतो.
शिकार मिळाली नाही तर आईच पुढे निघून जाते,
मागे वळत नाही.
आणि नवा नर आला, की...
इथे तो थांबतो, चहा ढवळत बसतो.
आधीच्याची पोरं तो ठेवत नाही, परकारभाई.
राग नसतो त्यात. त्याच्याकडे दिवस थोडे असतात, एवढंच.

आमचा जुना नर मूत्रपिंडांनी गेला.
नवा शनिवारी आला, विमानतळावरून, ट्रकमधून,
पिंजऱ्यावर ताडपत्री, ताडपत्रीतून वास.
दोन जाळ्यांच्या मधे दहा फुटांची गल्ली.
तिथे माझी खुर्ची.
डावीकडे तो, श्वास करवतीसारखा.
उजवीकडे ती, दोघांना पोटाखाली घेऊन,
डोळे माझ्यावरून पलीकडे.

निकाहाच्या दिवशी मामू मला बाजूला घेऊन म्हणाले होते,
बाई चांगली आहे रे. पण पोर दुसऱ्याचं.
तुझं झालं, की याला आजोळी धाड.
मी हो म्हणालो नाही.
नाहीही म्हणालो नाही.
बिर्याणीची देग उतरत होती, मी तिकडे गेलो.

रोज साडेपाचला मी खेडला फोन लावतो.
तिथे सात वाजलेले, उजैरच्या गळ्यात शाळेचा टाय.
सबिहा म्हणते, बोल, अब्बांशी बोल.
तो फोन छताकडे फिरवतो.
मग मी पंखा बघत बसतो.
त्याचं एक पातं जरा वाकलेलं आहे.
पुढच्या पगारात नवा घ्यायला सांगीन.

आज मात्र फोन फिरवण्याआधी तो म्हणाला,
ओ, सिंह दाखवा.
अब्बा नाही, काका नाही, नुसतं ओ.
उजाडलं होतं. मी फोन उजवीकडे धरला.
थोरलं पिल्लू जाळीपर्यंत आलं,
पाठीवरचे केस फुगवून पलीकडच्याकडे बघत
फिस्स केलं, मांजरीएवढं.
यांचा बाप कुठाय?
मी म्हटलं, आहे. इथेच आहे.
कोणाबद्दल म्हटलं, मलाही कळलं नाही.

फोन बराच वेळ पंख्याकडे गेला नाही.
सबिहा आतून ओरडत होती, रिक्षा आली, रिक्षा आली.

मग मी उठलो.
गल्लीच्या दोन्ही दारांची कुलपं ओढून पाहिली.
डावं पुन्हा एकदा पाहिलं.