घटबोराची नोंद

लांजेवार मॅडम म्हणाल्या, उंची लिहा.
तीनशे चाळीस मीटर, मी लिहिलं.
सेमिनरी हिल्स. डोंगर म्हणायला आमच्या नागपुरात एवढंच:
काळा दगड, त्यावर वीतभर मुरूम,
त्या मुरमात पाय रोवून हे झुडूप,
माणसाएवढं, कुठे अंमळ उंच,
घाणेरीच्या दाटीतून कोपरानं वाट काढणारं.

ठेवण: पसरट, अस्ताव्यस्त.
कोवळ्या फांदीवर पिंगट लव.
पान थोराड, देठापाशी एका अंगाला कललेलं,
एकाच खांद्यावर पिशवी घेऊन आलेल्या बाईसारखं.
वरून हिरवं, खालून मळकट लोकर,
आणि देठातूनच फुटलेल्या तीन शिरा.
उजेडासमोर धरा, दिसतात.

काटे जोडीनं. एक सरळ, एक वाकडा.
सरळ काटा सांगून टोचतो.
वाकडा आत जाऊ देतो,
निघताना बाही धरतो.
माझी धरली. मॅडम हसल्या,
"नमुना कोण गोळा करतंय, तुम्ही की तो?"

फुलं आत्ता नाहीत. जानेवारी आहे.
ती एप्रिल सरता सरता येतील,
पारा त्रेचाळीसवर असताना,
हिरवट, मसुराएवढी, नजरेत न भरणारी.
भिंगाखाली मात्र पाच पाकळ्या,
आणि प्रत्येक पाकळी
आपापल्या पुंकेसरावर ओढून घेतलेली,
उन्हात गाडीवर निघताना इथल्या पोरी
तोंडावर दुपट्टा ओढतात, तशी.

फळ: गोल, राखाडी, कंच्याएवढं. लाकडाचं.
नावात बोर आहे,
तोंडात घालायला काही नाही.
तीन खोल्यांचं घर, दार नाही.

खाली एक ओळ रिकामी होती,
स्थानिक उपयोग.
मॅडम म्हणाल्या, पुस्तकात बघून भरू.

मी लगेच बोललो नाही.

जागोबा, माझे वडील, सदरला
पोस्टाच्या भिंतीला टेकून बसायचे, तीस वर्षं.
हिवाळ्यात एखाद्या रविवारी
सायकलीला पोतं बांधून याच टेकडीवर यायचे.
मी दांडीवर.
"हे खायाचं बोर नोय बे," म्हणायचे,
"हे पायात घालायचं बोर."
मडक्यात कोंडून जाळायचे,
कोळसा वाटायचे, तेल टाकून खलत राहायचे,
आणि पोतंभर फळांतून निघायचा
वाटीभर काळा.
तो डबीतल्या पॉलिशसारखा चमकत नसे,
कातड्यात विहिरीसारखा उतरायचा.
वकिलांचे बूट, शिपायांचे पट्टे,
एकदा सर्कशीतल्या घोड्याचं खोगीर.
माझ्या नखांत तो सातवीपर्यंत होता.
वर्गात हात वर करायचा तर
मूठ मिटून करायचो.
मग डब्या स्वस्त झाल्या.

मी लिहिलं: फळं जाळून
चामड्यासाठी काळा रंग.
मॅडम वाचत होत्या. म्हणाल्या,
माहिती देणाऱ्याचं नावही लागतं.
पूर्ण नाव.
जागोबा लिहून झालं
आणि आडनावाच्या अलीकडे पेन थांबलं.
टेकडीवर वारा होता, कागद फडफडला,
मी तळहातानं दाबून धरला
आणि लिहिलं. जरा मोठ्या अक्षरातच आलं.

फांदी दाबपट्टीत गेली, आठवड्यात सपाट झाली.
पानं झाली, काटेही आडवे झोपले.
फळं ऐकेनात.
वर्तमानपत्राला भोकं पाडली,
टीपकागदाला भोकं पाडली,
शेवटी तिघांना वेगळ्या पाकिटात घालून
पत्रकाच्या कोपऱ्यात डकवलं.

आता कपाटाचा तो खण कुणी ओढला
की कागद दिसायच्या आधी
आवाज येतो,
पळत्या पोराच्या खिशातला.