गुणगुणतोय, फिरत नाही

पाणी आत येतं, ढवळतं
आणि तिथंच राहतं. पडद्यावर पाच आणि ई.
पुस्तिकेत छापलंय, सेवा केंद्राशी संपर्क साधावा.
सेवा केंद्र म्हणालं, मंगळवार. नुसते यायचेच साडेचारशे.
नळाला पाणीही मंगळवारीच.
आत शाळेचे दोन गणवेश, एक अभ्रा,
आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून वजनावर आणलेले,
काठ वाकडे गेलेले सहा टॉवेल.

सासऱ्यांना ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं बारा मागांच्या मधोमध जॉबर होते.
डावा कान मागांनी नेला,
उजवा नंतर आपणहून गेला.
आमचं बोलणं होतं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.
मी लिहिलं : पाणी जात नाही.
त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला,
मशीनपाशी उकिडवे बसले
आणि पत्र्यावर, खाली उजवीकडे, तळहात ठेवला,
तव्यावरची भाकरी सुटली का बघावं तसा.
"लाव."
मी बटण दाबलं.
"गुणगुणतोय. फिरत नाही."
मला तर एकच घरघर ऐकू येत होती.

आधी पिन काढायची, मग हात घालायचा :
हे ते उजव्या हाताच्या
अर्ध्या करंगळीनं सांगतात.

मागची नळी कुठं दुमडली नव्हती.
मी सोडवून फुंकली, तोंडात साबण आला,
म्हणजे रस्ता मोकळा.
खाली एक गोल झाकण आहे.
चार वर्षं मी ते शोभेचं समजत होते.
त्यांनी ते चतकोर फिरवलं, खाली परात सरकवली,
परात भरली की झाकण बंद, परात बादलीत,
पुन्हा चतकोर.
नऊ पराती.
साबणाचं असलं तरी पाणी आहे,
संडासाला दोन दिवस सरेल.

मग झाकणाबरोबर बाहेर आला एक बोळा,
राखाडी, ओला, मेलेल्या उंदरासारखा.
मी किंचाळले. ते वळलेसुद्धा नाहीत.
बोळ्यातला एक धागा चिमटीत धरून
पीळ उलटा सोडवला.
"वीसचं सूत. दुहेरी. टॉवेलच्या लूपचं.
असला सैल पीळ देतात हल्ली, गळणारच."
आणि तेलुगूत एक शिवी,
मिलला की मालकाला, की मला, कळलं नाही.

आत पंख्याला आणखी गुंडाळलेलं होतं.
पेन्सिलीनं ढकलून बघितला, ढिम्म.
भुवयांच्या चिमट्यानं
ते उलट्या दिशेनं एकेक वेढा काढत राहिले,
मी टॉर्च धरून. अर्धा तास.
हात बदलला तर उजेड हलला.
"च्."

झाकण मी लावलं. घाईनं.
आटे तिरके बसले, पाणी घेताच
बाथरूमभर ओघळ.
दहावी परात.
ते काही बोलले नाहीत.
आधी उलटं फिरवायचं, आटा खाली पडेपर्यंत,
मग सुलट : करून दाखवलं.
टक् झालेलं मला कानात कळलं, त्यांना बोटात.

सव्वातीनला, बाहेर बेचाळीस अंश,
पंप फिरला. नळीतून गढूळ पाणी
बादलीत असं धावलं की
मीच टाळी वाजवली.
पिळताना मशीन थरथरलं तेव्हा
ते अजून तिथंच, पत्र्याला पाठ टेकून,
डोळे मिटून,
भिजलेलं धोतर पोटरीपर्यंत वर खोचलेलं.

गच्चीवर टॉवेल झटकताना
उन्हात तूस उडत होता,
इतका की शेजारच्या इराबत्ती वहिनींनी खिडकी लावली.

खाली आले तर कॅलेंडरच्या पाठीवर,
माझ्या 'पाणी जात नाही'च्या खाली,
त्यांचं अक्षर. बोलता येतं त्यांना,
तरी लिहिलेलं :

टॉवेल वेगळे धुणे.
झाकण महिन्याला एकदा.
जॉबर, यायचे रु. ४५०.
उधार चालेल.