चौऱ्याण्णव

आकडा चौऱ्याण्णव.
पुन्हा मोजलं, चौऱ्याण्णव.
पहाटे मोजलं. अख्खं केमी झोपलेलं,
बंदरात बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा एक दिवा जागा,
तरी चौऱ्याण्णव.
पैसे मी हजाराचे भरतो.

फोनवर, नुसत्या हवेतून, तीनशे येत होते.
वारा पुढे निघून गेला
आणि भिंतीला खिळे ठोकून बसवलेलं तांबं मागे राहिलं.
हे माझ्या धंद्यात बसत नाही.
मी त्या जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो;
जिथे नळी आहे तिथे दाब जास्त हवा.

कंपनीच्या सिर्का-लीसाबाई अतिशय शांत.
आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, म्हणाल्या,
राउटर बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा.
मी साठपर्यंत मोजलं.
ड्रायव्हर नवे घातले. अँटिव्हायरसला घटकाभर झोपवलं.
कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ काढली,
तिच्यात मांजराचे केस निघाले.
मांजर जाऊन चार वर्षं झाली.
चौऱ्याण्णव.

मग सेटिंगच्या तळाशी, जिथे कुणी फिरकत नाही,
एक ओळ सापडली. जोडणीचा वेग: शंभर.
दोन्ही यंत्रांनी आपसात ठरवून टाकलेलं,
एवढ्यावर भागवू.
मला कुणी विचारलं नव्हतं.
केबलीत आठ तारा असतात, दोन-दोन पीळ घालून.
हजाराला आठही लागतात.
एखादी तुटली की चारांवर संसार चालतो,
तक्रार नाही, बोंब नाही,
फक्त हिरव्याच्या जागी नारिंगी ठिपका
आणि तोही टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून.

राउटर पिहलाच्या खोलीत.
फोनचा जुना सॉकेट तिथेच, ती खोली तिची होण्याआधीपासून.
दार वाजवलं. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला.
पाच मिनिटं, मी म्हणालो.
तिने पाय पलंगावर घेतले.
हातभर लांबीची नवी केबल, लॅपटॉप मांडीवर,
तिच्या जमिनीवर बसून:
नऊशे एक्केचाळीस.
भिंतीवर कुठकुठल्या बेटांचे नकाशे लावलेत तिने.
कधी लावले?

म्हणजे खोट माझ्याच अकरा मीटरमध्ये.
बाहेर येऊन गुडघ्यांवर रांगत
केबल चिमटीतून सरकवत निघालो,
इंधनाची नळी तपासावी तशी.
फार लांब जावं लागलं नाही.
उंबऱ्यावरच ती चपटी झालेली,
पांढऱ्या सालीवर दाराच्या कडेचा वळ.

सहा वर्षांपूर्वी मी ती दाराखालून ओढली,
तेव्हा हे दार लागतच नसे.
आठ वर्षांची होती, झोपताना दिव्याची फट लागायची.
आता रोज लागतं.
आणि नीट लागत नाही म्हणून जोरात लागतं.

दोन हिवाळे मी त्या आवाजाचे अर्थ लावत होतो.
तिच्या आईलाही उलूला फोन करून विचारलं होतं,
तुझ्याकडेही आपटते का.
नाही, ती म्हणाली होती, इथे नाही.
त्यावर मी एक आठवडा नीट जेवलो नव्हतो.

दुपारी दोनलाच अंधार पडला.
दार बिजागऱ्यांवरून उतरवून स्वयंपाकघरात आडवं घातलं,
खालच्या कडेला कानशीने
करंगळी जाईल एवढी खाच पाडायला घेतली.
पिहला बाहेर आली, हे काय चाललंय म्हणून.
दार लागावं म्हणून, मी म्हणालो.
तिने काही न बोलता दुसरी बाजू धरली, हलू नये अशी,
आणि मधेच म्हणाली, अजून थोडं, डावीकडे.

नवी केबल घातली. दार चढवलं.
ती आत गेली.
टक्.
एवढासा आवाज.

भुसा झाडून झाल्यावर आकडा बघितला.
नऊशे अडतीस.
तीन कमी.
सिर्का-लीसाबाईंना फोन करावा का,
विचार करतोय.