शून्य येईपर्यंत

भुसावळात पाण्याची परीक्षा डाळ घेते.
बोअरच्या पाण्यात ती टणक राहते, शिट्ट्या मोजत;
तापीच्या नळाला मऊ पडते.
एवढं ज्ञान सगळ्या गल्लीला आहे.

माझ्या काचेच्या पेटीतल्या जिवांना मात्र
डाळीएवढीही सबूर नाही.
खरा समुद्र साडेचारशे किलोमीटरवर,
आणि मी हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी,
दोनशे लिटर मांडून बसलोय.

आधी नळाचंच घेतलं.
एक दिवस उघडं ठेवलं, क्लोरीन उडू दिला.
आठवड्यात वाळूवर तपकिरी थर,
चहा सांडल्यासारखा.
मीटर म्हणाला, तीनशे बारा.
कसले तीनशे बारा, ते तो सांगत नाही.
मोजतो; चहाडी करत नाही.

मग सुपडूभाऊच्या दुकानातलं बॅटरीचं पाणी.
"एकदम प्युअर हे भो, ट्रकवाले डोळे झाकून नेतात."
मीटरवर चार. मी खूश.
तिसऱ्या दिवशी कोळंबी उताणी.
सुपडूभाऊ कॅन फिरवून फिरवून पाहत राहिला,
मग हळूच म्हणाला,
"भट्टीची नळी तांब्याची हे बहुतेक."
पैसे परत देत होता, मी घेतले नाहीत.
त्याच्या पाण्यानं ट्रक कधी मेला नव्हता.

लग्नातल्या जारचं पाणी: छप्पन्न.
"चवीसाठी टाकतो ना आपण त्यात,"
जारवाला अभिमानानं.
मेव्हण्यानं एसीतून गळणारं सुचवलं.
पुन्हा तांबं.

शेवटी चार नळकांड्यांचं यंत्र भिंतीला ठोकलं.
पहिल्यात गाळ थांबतो,
दुसऱ्यात कोळसा क्लोरीन पितो,
तिसऱ्यात पडदा,
चौथ्यात निळे मणी, मोहरीएवढे,
उरलंसुरलं धरून धरून तपकिरी होतात.
वीज गेली की दाब जातो,
दाब गेला की बसा वाट बघत.
रात्री दोन वाजता मीटरवर शून्य आलं.
बायकोला उठवलं.
तिनं शून्य पाहिलं, मला पाहिलं,
कूस बदलली.

एका बादली शून्यासाठी तीन बादल्या बाहेर जातात.
आणि नळ आमच्याकडे दहा दिवसांनी येतो.
हे न लिहिता निभावलं असतं,
पण नलूताई वायकोळे गच्चीवरून बघतात.
एकदा त्यांनी बादलीच लावली नळीखाली,
विचारलं नाही.
आता त्यांची भांडी, दोन स्कूटर आणि एक सीताफळ
माझ्या पडद्यानं नाकारलेल्यावर चालतात.
डाळ मात्र शिजत नाही त्यात,
त्यांनी करून पाहिलंय.

नुसतं शून्यही मारतं, हे मला उशिरा कळलं.
कोऱ्या पाण्यात धरायला काहीच नसतं.
म्हणून लिटरला छत्तीस ग्रॅम मीठ, पुड्यातलं,
दिवसभर घुसळत ठेवायचं,
मग एक थेंब भिंगाखाली, तोंड खिडकीकडे:
निळं संपून पांढरं सुरू होतं ती रेघ
पस्तिसावर यायला हवी.
छत्तिसावर आली तर पुन्हा थोडं शून्य.

मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
पंख्याखाली रोज पाच लिटर उडतात.
उडतं ते पाणी. मीठ जागचं हलत नाही.
म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही.
दिवे लागले की मी मग घेऊन बसतो
आणि समुद्रात शून्य ओततो, बारीक धारेनं.
प्रवाळाचं तोंड किंचित मिटतं, पुन्हा उघडतं.

काल नलूताई बघायला आल्या.
निळ्या उजेडात हात बुडवला, बोट चाखलं.
"खारट हे की."
"हो."
"म्हंजे आधी सगळं काढलं, अन् मग घातलं?"
"हो."
"अन् काढलेलं?"
मी बादलीकडे पाहिलं.
त्याही बघत होत्या.
मग कमरेला पदर खोचून ती उचलली.
जिन्यावर थोडं हिंदकळलं,
सकाळपर्यंत तिथं पांढरा डाग.